नव्या नळीचा पायगुण

ज्या काळी मोटारीचे भाग एकमेकांशी बोलत, आणि जरा जास्तच बोलत, तेव्हाची गोष्ट. एका जुन्या मोटारीत रेडिएटरच्या खाली नवी रबरी नळी बसवली. त्याच आठवड्यात घाट चढताना इंजिन तापलं.

"पायगुण बघा हिचा!" इंजिन फणफणलं. "आम्ही इथे उकळतोय आणि बाईसाहेब गारेगार!"

"मामंजी, माझ्यापर्यंत गरम पाणी पोचतच नाहीये," नळी म्हणाली.

"आल्या आल्या उलट उत्तरं!" पंखा म्हणाला. "काढून टाका हिला."

रेडिएटरबाई तेवढ्या गप्प होत्या.

गफूर मिस्त्रींनी नळी काढायला हात लावला. ती गार लागली, तसे ते थबकले. इंजिन पुरतं निवल्यावर त्यांनी रेडिएटरच धुवायला घेतला. आतून तांबडा गाळ भदाभदा बाहेर आला.

रेडिएटरबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. नळी हळूच म्हणाली, "आत्याबाई, हा गंज तर मामंजींचा दिसतोय. इतकी वर्षं पोटात कसा हो ठेवलात?"

"घरातलं बाहेर कशाला काढायचं, म्हणून."

मोटार पुन्हा सुरू झाली. इंजिन काही बोललं नाही. तापलंही नाही.