पाटीवरच्या दोन ओळी

खाडीकाठच्या एका गावात कौलांचा एक कारखाना होता. मालक वारल्यावर तो त्यांची बायको केशरबाई चालवू लागली. तिला एक खोड होती. कुठलीही गोष्ट समोर आली की ती विचारायची, "हे असं का?"

कारखान्याच्या दारावर नियमांची एक जुनी पाटी होती. त्यातल्या दोन ओळींपाशी केशरबाई अडली. 'कोणाचेही म्हणणे ऐकल्याशिवाय मालकाने त्याला कामावरून काढू नये.' आणि खाली, 'पंधरा दिवस आधी कळवल्याशिवाय कामगारांनी काम थांबवू नये.'

"हे असं का?" तिने मुकादम भिकाजींना विचारलं.

"नियम आहे बाई. पाळायचा," ते म्हणाले.

एवढ्याने तिचं समाधान झालं नाही. पण काम पुष्कळ होतं, त्यामुळे ते राहून गेलं.

पुढच्याच महिन्यात शाळेच्या छपरासाठी भाजलेली कौलं तडकून निघाली. अख्खी भट्टी वाया गेली. भिकाजी म्हणाले, "धाकूनं जाळ नीट ठेवला नाही. आजच काढा त्याला." धाकू म्हणजे भट्टीवाला. केशरबाईलाही संताप आला होता. तिकडे कामगार अंगणात जमले होते. धाकूला काढलं तर त्याच क्षणी काम सोडायचं, असं त्यांचं ठरत होतं.

केशरबाई दाराकडे निघाली आणि तिची नजर पाटीवर गेली. या ओळी लिहिल्या तरी कोणी? ती तशीच म्हाताऱ्या रखमाकडे गेली. रखमाने या कारखान्यात चाळीस वर्षं माती मळली होती.

"तुझ्या सासऱ्यांनी एका भट्टीवाल्याला असंच उभ्या उभ्या काढलं होतं," रखमा सांगू लागली. "आम्ही सगळे तडक बाहेर पडलो. आत भट्टी पेटलेली, बघायला कोणी नाही. भट्टीचा घुमट कोसळला. चार महिने कारखाना बंद होता. कितीतरी घरं गाव सोडून गेली. मागाहून कळलं, त्या माणसाची चूक नव्हतीच, लाकडं ओली होती. पण तो काही परत आला नाही."

"मग पहिली ओळ तुम्ही मागून घेतलीत आणि दुसरी सासऱ्यांनी?"

"उलटं, सूनबाई. मालकाला बांधणारी ओळ मालकांनीच लिहिली. कामगारांना बांधणारी आम्ही लिहिली. जो तो आपल्या चुकीला कुंपण घालत होता."

केशरबाई परत आली. अंगणातल्या लोकांना म्हणाली, "आधी धाकूचं ऐकू. तोवर तुम्हीही थांबा." आणि तिने रखमाकडून ऐकलेली हकीकत सांगितली. लोक थांबले.

धाकू म्हणाला, "बाई, जाळ बरोबर होता. या खेपेच्या मातीत चुनखडीचे खडे आहेत, भाजल्यावर ते फुगतात आणि कौल तडकतं. मी मुकादमांना बोललो होतो. ते म्हणाले, माती बाईंनी ठरवलीय."

केशरबाईने एक कच्चं कौल फोडलं. आत पांढरे खडे होते. जवळची म्हणून ही माती तिनेच निवडली होती. तिची मान खाली गेली. ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "चूक माझी आहे. धाकूची नाही." मग शाळेत जाऊन तिने हेडमास्तरांनाही तेच सांगितलं आणि थोडी मुदत मागून घेतली.

आठवड्याने माती खणणाऱ्या दोन बायका आपण होऊन तिच्याकडे आल्या. "बाई, नव्या खड्ड्यात खाली वाळू लागतेय. आत्ताच बघून घ्या." आजवर असं सांगायला कोणी तिच्या दारी आलं नव्हतं. केशरबाईने चपला घातल्या आणि ती त्यांच्याबरोबर खड्ड्याकडे निघाली.

तात्पर्य: कामाच्या जागेचा प्रत्येक कायदा कोणीतरी सोसलेल्या नुकसानीतून जन्मतो. तो का झाला हे जाणून घेणाऱ्याला तेच नुकसान पुन्हा सोसावं लागत नाही.