कणसाखालचा रस

लहानपणी ऐकलेली ही गोष्ट मला नीट आठवते की नाही, याची आता खात्री वाटत नाही. फार पूर्वी एका घाण्याला गोड रस हवा होता, आंबवून इंजिनाचं इंधन करायला.

"मला लावा," ऊस म्हणाला.

"तू वाढशील रे, पण मी आटेन," तळाला गेलेली विहीर म्हणाली.

बांधाकडची ज्वारी म्हणाली, "मला पाणी थोडं पुरतं."

ऊस हसला. "अगं, तुझे दाणे इंजिनाने खाल्ले, तर भाकरी कशाची करायची?"

"दाणे भाकरीलाच ठेवा, दादा. कणसाखालचं ताट, हा धांडा, तेवढा पिळा."

घाण्याने ताट पिळलं. उसाने रस चाखला. "गोड आहेस की गं," तो म्हणाला, आणि पाण्याचा पाट ज्वारीला मोकळा करून बाजूला सरला.

पुढे कित्येक वर्षांनी गोड ज्वारीच्या एका शेतात मी कणीस खुडलेलं ताट चावून पाहिलं. ते खरंच गोड होतं.