निराधार

"...आणि बापाला अजून 'तू'च म्हणते. 'अरे बाबा, चल ना.' मलाच फक्त 'तुम्ही'. असं का, आपा?"

याच प्रश्नाने ऋजुताची झोप उडवली होती.

चार वर्षांची तिची लेक, रेवा, एका सकाळी दुधाचा पेला हातात धरून म्हणाली होती, "तुम्ही साखर घातली का?" घरात हसू पिकलं. नवरा म्हणाला, "संस्कार उतू चाललेत, पेढे वाट." मग आठवडा गेला, पंधरवडा गेला... 'तुम्ही' काही गेलं नाही. घरात पालकत्वावरच्या पुस्तकांची चळत होती. त्यातल्या एकातही या सर्वनामावर प्रकरण नव्हतं.

शेवटी तिने पोरीला गाडीत बसवलं आणि खाडीकाठचं हमीदाआपांचं घर गाठलं.

आपा तिच्या गुरू. इतर लोक फोटो काढतात, आपा मांडायच्या. भरतीच्या पाण्यात जेवणाचं टेबल, भोवती पाठमोरं बसलेलं अख्खं कुटुंब, ताटांत वाळू. आता कॅमेरा कपाटात गेला होता आणि आपा ओसरीवर सुपारी कातरत बसल्या होत्या. रेवा अंगणात शिंपले मांडत होती.

"कधीपासून म्हणते?"

"मिठागरातला फोटो झाला, त्यानंतर."

ऋजुता हे जरा घाईनेच बोलली. कारण तो फोटो दाखवायचाच होता. काळजी खरी होती. पण पुण्याच्या प्रदर्शनात तो दर्शनी भिंतीवर लागणार होता, हेही खरं होतं. या दोहोंतल्या नेमक्या कशासाठी आपण एवढ्या लांब आलो, ते तिने स्वतःला विचारलं नव्हतं. उत्तर आलं असतं तर पंचाईत.

"दाखव."

पांढरंशुभ्र मिठागर. दूरवर काही नाही, कुणी नाही. मधोमध, हवेत आडवी, रेवा. डोळे मिटलेले, केस खाली लोंबणारे. मिठावर तिची एकटीची सावली.

आपा पाहत राहिल्या...

"नाव काय याचं?"

"निराधार." श्लेष छान जमलाय, असं ऋजुताला वाटत होतं.

"निराधारांना सरकार पेन्शन देतं." आपांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं. "हिला धरलंय कुणी?"

"कुणीच नाही. तेच तर चित्र आहे, आपा!"

"चित्राचं नाही विचारलं मी."

"...मी धरलं होतं. काळं कापड डोक्यावरून घेऊन उभी राहिले, हातांवर हिला आडवी घेतली. कॅमेरा स्टँडवर, टायमर लावून. घरी आल्यावर कॉम्प्युटरवर स्वतःला पुसलं."

"पूर्ण?"

"पूर्ण."

आपांनी अडकित्त्याचं टोक फोटोवर टेकवलं. फ्रॉकच्या कमरेपाशी.

तिथे कापड चार-पाच ठिकाणी आत दबलं होतं. बोटं नव्हती. दाब होता.

ऋजुताने फोटो डोळ्यांजवळ नेला. इतके दिवस स्क्रीनवर मोठं करकरून पाहिलं, आणि हे दिसलं नाही?

"राहून गेलं," ती म्हणाली. "आजच काढून टाकते."

"टाक की. तेवढीच उरलीयस."

अंगणात शिंपल्यावर शिंपला वाजत होता.

"पोर घाबरली नाही?" आपांनी विचारलं.

"आई कुठाय, म्हणून विचारत होती सारखी. हलली की फोटो बिघडायचा. मग मी कापडातूनच म्हटलं, आई नाहीये इथे. तू एकटीच तरंगतेयस, असं समज."

"मग?"

"...समजली."

आपांनी नवी सुपारी अडकित्त्यात धरली.

"फोटो झाल्यावर?"

"तिला खाली ठेवलं, कापड टाकलं आणि कॅमेऱ्याकडे धावले. कसा आलाय ते बघायला."

"आणि ती?"

"ती कापडापाशी बसली. थोपटत होती त्याला. मला वाटलं, खेळतेय. निघताना उठेचना. अजूनही ते जवळ लागतं तिला. आत्ता गाडीतसुद्धा आणलंय." ऋजुता आपांकडे सरकली. "आपा, कुणा डॉक्टरांना दाखवू का? माझ्याच डोक्यात काहीतरी आहे का? काहीतरी सांगा ना..."

"दाखव डॉक्टरांना. आधी ते कापड आण."

ऋजुताने गाडीतून कापड आणलं. आपांनी तिला ओसरीच्या कोपऱ्यात, भिंतीला टेकून, मांडी घालून बसवलं. कापड झटकलं आणि तिच्या डोक्यावरून सोडलं.

एम.ए. झालेली बाई भरदुपारी परक्या ओसरीवर गाठोडं होऊन बसली आहे. आईला कळलं तर काय म्हणेल, असा एक विचार आत येऊन गेलाच.

"आत काय करायचं, आपा?"

"काही नाही."

"मी तिला हाक मारू?"

"नको. त्या आवाजाला ती 'तुम्ही' म्हणते."

कापडाला मिठाचा वास होता. आपलाच श्वास गरम होऊन आपल्याच तोंडावर येत होता. आपांचा अडकित्ता थांबला. मग अंगणातले शिंपलेही थांबले.

अनवाणी पावलं ओसरीवर चढली. जवळ आली. थांबली...

एक लहानसा हात कापडावरून चाचपत आला. कपाळ. नाक. हनुवटी. मग पोरीचं सगळं वजन एकदम मांडीत येऊन पडलं, डोकं छातीवर टेकलं, आणि कित्येक दिवसांत प्रथमच तिचं अंग सैल झालं.

ऋजुताने दातांखाली ओठ घट्ट धरला.

रेवाने कापडाला तोंड लावलं आणि हळूच, आपांना ऐकू जाऊ नये अशा बेताने विचारलं,

"आई, गाडीतल्या त्या बाई गेल्या का गं?"