साळिंदराच्या कुंपणापाशी

"पण महाराज, मी त्याला काय कमी केलं?"

पुंडलिकरावांनी फाटकातून आत शिरल्या शिरल्या पुन्हा तेच विचारलं. भैरवगिरी महाराज पुढे चालत राहिले.

टेकडीखालच्या मठातून या शिष्यानेच त्यांना आग्रहाने इथे आणलं होतं. आपल्याच रानातले प्राणी ठेवलेलं हे उद्यान. मे महिना. सकाळीच ऊन चटके देत होतं.

"दर उन्हाळ्यात आणायचो हो सुबोधला. सुट्टी लागली की पहिलं काम हेच. आणि आता त्याच्या मुलीला घेऊन जातो म्हटलं, तर म्हणतो कसा, 'बाबा, तुमच्याबरोबर तिला तिथं नाही पाठवायचं.'"

"का?"

"तेच तर तुम्हाला विचारतोय!"

पुंडलिकराव जन्मभर हेडमास्तर. आपलं काही चुकलं असेल, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

"त्याला इथलं काय आवडायचं?"

"वाघ! दुसरं काय आवडणार?"

महाराज साळिंदराच्या कुंपणापाशी थांबले. आत एक बीळ होतं. बाहेर कलिंगडाच्या साली पडलेल्या. बाकी काही नाही.

"झोपलंय ते, महाराज. दिवसा नाही यायचं बाहेर. चला."

...

"चला ना. आता वाघावर पाण्याचा फवारा सोडतील. काय लोळतो म्हणून सांगू! खूश व्हाल."

महाराज जागचे हलेनात. मान वाकडी करून बिळात डोकावत राहिले.

पलीकडे माणसांचा गलका उठला. फवारा सुरू झाला होता. पुंडलिकरावांचा धीर सुटला. ज्या गुरूच्या फक्त पायांना हात लावायचा, त्याचं त्यांनी चक्क मनगट धरलं आणि ओढलं.

"अहो, इथं काय बघायचंय? चला म्हणतो ना!"

महाराज रागावले नाहीत. त्यांनी शिष्याकडे नुसतं पाहिलं.

पुंडलिकरावांचा चेहरा उतरला.

"इथंच..." ते म्हणाले. "इथंच अडून बसायचा तो. 'बाबा, थांबा, आत्ता येईल बाहेर, आत्ता येईल' म्हणायचा..."

"मग?"

"मग काय! ओढत न्यायचो. रडत यायचा. वाघासमोर उभा करायचो आणि म्हणायचो, आता हास."

...

"एकदाही थांबलो नाही हो, महाराज. घटकाभर थांबलो असतो तर माझं काय बिघडलं असतं? पोराची सगळी सुट्टी मी नासवली... आणि वर वाटायचं, केवढी मजा करतोय आपण!"

त्यांचे डोळे भरून आले.

"निदान नातीला तरी हवं ते बघू दे. पण सुबोधला आता कुठल्या तोंडाने सांगू? सुरुवात कुठून करू, तेवढं सांगा."

"आधी माझा हात सोड," महाराज म्हणाले.