हौसाची गाठ

नदीवर पूल नव्हता, त्या काळची गोष्ट. आमच्या गावात हौसा नावाची बुरडीण होती, बांबूच्या टोपल्या-सुपं विणायची. नदी फुगली की नाव चालायची नाही आणि गाव अडकून पडायचं.

रामलिंग शेटचा गूळ पलीकडच्या पेठेत जायचा. तो हौसाला म्हणाला, पुरातून गूळ नेईल असं काही कर, तुझ्या चुलीची काळजी मिटली. कमाविसदाराला सरकारी टपाल न्यायचं होतं, त्याने काथ्याचा दोर दिला. मग हौसाने बांबूच्या तट्ट्याखाली सुके भोपळे बांधले आणि सांगड तरंगली. खरी करामत गाठीत होती. पाण्याने ओढलं की ती आणखी आवळायची. शेटने शपथ घातली, ही गाठ कुणाला दाखवायची नाही. कमाविसदाराने सांगडीवर मोहर लावली.

एका आषाढात गावातल्या यसूच्या लेकराचा घसा धरला. श्वास शिट्टीसारखा वाजू लागला. वैद्य नदीपलीकडे. यसू लेकरू घेऊन सांगडीकडे धावली. शेट म्हणाला, गूळ लादलाय, आधी तो पलीकडे जाऊ दे. कमाविसदार म्हणाला, दोर सरकारचा, वरून हुकूम येऊ दे. लेकराचे ओठ निळे पडत चालले.

हौसा पारावर बसली आणि तिने घराघरातले बियाण्याचे भोपळे मागवले. यसूला कळलं, ही शपथ मोडणार.

"हौसाबाई, तुझ्या पोटावर पाय येईल गं."

"पोटाचं उद्या बघू. आता माझ्या बोटांकडे बघा."

तिने सगळ्यांदेखत गाठ मारली, सोडली, परत मारली. बायकांचे हात चालू लागले, नवी सांगड तयार झाली. दोर नव्हता, म्हणून लुगड्याला लुगडं बांधून एक टोक काठावर धरलं. लेकरू छातीशी आवळून हौसा सांगडीवरून पुरात शिरली. नदी रुंद, लुगडी थोडी. लुगडी संपली पण दोर संपला नाही, असं म्हणतात. मधल्या भोवऱ्यात ती दिसेनाशी झाली, तेव्हा नदीनेही श्वास धरला, असं म्हणतात. त्या शांततेत पलीकडून लेकराचं रडणं ऐकू आलं.

शेटने हौसाचं काम बंद केलं. म्हणाला, माझा गूळ नसता तर तुला हे सुचलं असतं का? कमाविसदार म्हणाला, दोर कुणाचा होता? दोघंही खोटं बोलत नव्हते. पण पुढच्या पुरात गूळ आणि टपाल दोन्ही गावातल्या बायकांच्या सांगडींवरून गेलं, आणि हौसाच्या दारात रोज कुणीतरी भाकरी ठेवून जायचं.

अजूनही आमच्याकडे वेलावरचा पहिला भोपळा तोडत नाहीत. तो हौसाचा. वेलावरच वाळतो, मग पोहायला शिकणाऱ्या पोराच्या पाठीला बांधतात. गाठ शिकवायचं कुणी काही घेत नाही.

परवा माझ्या लेकीला बांधला. गाठ पुन्हा पुन्हा ओढून पाहिली. मग पाण्यात तिचा हात सोडला.