एक लिटर श्रद्धेचं

“पण बुवा, देवाला वाहिलेलं तेल कधी जास्त होतं का?”

हेरंबराव पोंक्षे हा प्रश्न विचारत होते, आणि त्यांच्या पाठीमागे त्यांची गाडी धूर ओकत उभी होती. निळसर पांढरा, जळकट वासाचा दाट धूर. मठाच्या अंगणातलं तुळशीवृंदावनही त्यात दिसेनासं झालं होतं.

“आधी बंद कर ती!” सिदूबुवा ओसरीवरून ओरडले. “बंद कर म्हनतो न्हवं!”

हेरंबरावांनी गाडी बंद केली. धूर हळूहळू विरला.

बुवा खाली आले. गाडीच्या नाकावर झेंडूची माळ होती, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक होतं, आणि आत बसायच्या जागी नवंकोरं पांढरं आसन अंथरलं होतं. दसऱ्याचा दिवस होता.

“किती वतलंस?”

“एक लिटर.”

“सर्व्हिसिंगवाल्यानं भरलं न्हवतं?”

“भरलं होतं ना. कालच केलं सर्व्हिसिंग. वरच्या खुणेपर्यंत अगदी बरोबर होतं.”

“मग?”

हेरंबराव ताठ झाले. तत्त्वज्ञान शिकवण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती, आणि साध्या प्रश्नाला साधं उत्तर देणं त्यांना कमीपणाचं वाटे.

“बुवा, आज वाहनपूजा. त्यात शनिवार. मारुतीला आपण तेल घालतो ते काय मोजून घालतो? गाडीत आज तुम्ही बसणार. म्हटलं, हात आखडता घ्यायचा नाही. मंत्र म्हणत म्हणत ओतलं. अभिषेकच केला म्हणा ना.”

बुवांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग गाडीकडे पाहिलं.

“मारुतीच्या पोटात फिरनारा दांडा असतोय का रं?”

…

बुवांना गाड्यांतलं कळतं हे हेरंबराव विसरूनच गेले होते. मठात येण्याआधी सिदूबुवा निपाणीला ट्रक दुरुस्तीच्या गॅरेजात फिटर होते. हातांच्या रेघांतला काळेपणा अजून गेलेला नव्हता, आणि तो घालवायच्या खटपटीत बुवा कधी पडले नव्हते.

“ह्याच्या आतला दांडा तेलाच्या वर फिराय पायजे,” बुवा म्हणाले. “आता त्यो तेलातच बुडलाय. घुसळून घुसळून ताकावानी फेस झाला असंल. फेसानं वंगण व्हतंय व्हय? असाच घाट उतरला असतास तर इंजिन गेलं असतं तुजं.”

हेरंबरावांचा चेहरा उतरला. इंजिनाचं त्यांना फारसं काही नव्हतं. त्यांचा जीव अडकला होता दुसरीकडेच.

गेली चार वर्षं दर गुरुवारी हा माणूस कोल्हापुराहून आजऱ्याच्या वरच्या डोंगरात येत होता. एकच मागणं होतं, बुवांनी अनुग्रह द्यावा, शिष्य म्हणून पदरात घ्यावं. बुवा दर वेळी म्हणायचे, बघू. आणि गेल्या गुरुवारी, कसं कोण जाणे, म्हणाले होते, “दसऱ्याला गाडी घिऊन ये. नदीवर जाऊ. तितं देतो.”

तेव्हापासून हेरंबराव जमिनीवर नव्हते. पंचांग उघडून त्यांनी दोन वाजल्यापासून पावणेतीनपर्यंतचा विजयमुहूर्त काढला. रेशमी सोवळं आणि जरीकाठी उपरणं बाहेर काढलं. गाडीचं सर्व्हिसिंग केलं. आणि त्यावर ते लिटरभर ओतलं.

“बुवा, आता साडेबारा झालेत…”

“मग?”

“दोनचा मुहूर्त आहे.”

“कुनाचा?”

हेरंबरावांनी घड्याळावरून नजर काढली.

“इंजिन गार हू दे जरा,” बुवा म्हणाले. “मग खाली जा. तळाला नट हाय. त्यो ढिला करून जास्तीचं काढ. मी आंगुळ करून येतो.”

त्यांनी खोपटातून एक पाना आणून हेरंबरावांच्या हातात ठेवला आणि ते विहिरीकडे निघून गेले.

…

तेल धरायला भांडं हवं होतं. मठाचं स्वयंपाकघर सुंदराबाईंच्या ताब्यात होतं, आणि त्यांच्या ताब्यातून काही सुटून येणं ही सोपी गोष्ट नव्हती.

“कशात धरायचं म्हणालात?”

“इंजिनातलं तेल.”

“आणि माझ्या पातेल्यात?”

“बुवांनी सांगितलंय.”

सुंदराबाईंनी एक मोठं घासलेलं पातेलं त्यांच्या पुढ्यात आदळलं. “हे आता परत माझ्या चुलीवर चढणार नाही. आणि सर, सोवळं नेसून गाडीखाली शिरताय होय? मजा आहे तुमची.”

अर्ध्या तासाने हेरंबराव गाडीखाली शिरले. आयुष्यात पहिल्यांदाच. पाठीला खडे टोचत होते, डोक्यावर इंजिनाचं काळंकुट्ट पोट होतं. त्यांनी नट ढिला केला. तेलाची धार पातेल्यात पडू लागली.

आणि पडल्या पडल्या हेरंबराव विचार करू लागले. कांदा चिरतानाही ज्याला तत्त्व दिसतं अशा माणसाला गाडीखाली एकटं सोडू नये. पण बुवा अंघोळीला गेले होते.

जास्तीचं काढ…

बुवा असं का म्हणाले? पान्याच्या जागी मदतीला माणूस का दिला नाही? मलाच का आडवं व्हायला लावलं?

आणि त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. भरलोय तो मीच! तीस वर्षांची व्याख्यानं, ग्रंथ, टिपणं, मानसन्मान. बुवा मला रिता हो असं सांगताहेत. अनुग्रहाआधीची ही परीक्षा आहे!

हेरंबरावांचे डोळे भरून आले. त्यांनी नट पूर्ण काढून बाजूला ठेवला. धार बारीक झाली, मग थेंब झाले, मग थेंबही थांबले. त्यांनी हात जोडले. गाडीखाली जेवढे जोडता येतात तेवढे.

…

बुवा ओल्या केसांनी आले तेव्हा हेरंबराव पातेल्याशेजारी उभे होते. सोवळ्यावर काळे डाग, नाकावर काळा पट्टा, आणि चेहऱ्यावर असं तेज की बुवा बिचकलेच.

“काढलंस?”

“काढलं, बुवा.”

“किती?”

“सगळं.” हेरंबरावांनी पातेल्याकडे बोट दाखवलं. “थेंबही ठेवला नाही. तुमचा संकेत कळला मला.”

बुवांनी पातेल्यात वाकून पाहिलं. काठापाशी आलेलं तेल होतं.

…

“संकेत?”

“मी रिता झालो, बुवा.”

आधी बुवांचे खांदे हलले. मग पोट हलायला लागलं. मग बुवा वृंदावनाच्या कट्ट्यावर बसले आणि असे हसले, असे हसले की सुंदराबाई हातात झारा घेऊन बाहेर आल्या.

“आरं…” बुवांना बोलता येईना. “आरं हेरंबा… मी तेलाचंच सांगत हुतो रं!”

हेरंबराव तसेच उभे राहिले. मान खाली, हातात पाना. रडावं की पळून जावं हे त्यांना कळेना. आणि तेवढ्यात त्यांची नजर स्वतःच्या सोवळ्याकडे गेली, पातेल्याकडे गेली, मघा जोडलेले हात आठवले… आणि त्यांच्या तोंडून फुर्रकन हसू फुटलं. सुंदराबाई तर झाऱ्यासकट दाराला टेकल्या.

डोळे पुसत बुवा म्हणाले, “कोरडं इंजिन दोन मिंटात जाम हुतंय. नट बशीव आन् भर परत.”

“किती?”

“ते पट्टी सांगंल.”

…

नरसाळं आलं, तांब्या आला. बुवांनी तेल मापायची लोखंडी पट्टी ओढून दाखवली. तिच्या टोकाशी दोन बारीक खुणा होत्या, एक खाली, एक वर.

“ह्या दोन्हीच्या मदी. वतायचं, थांबायचं, तेल खाली बसू द्यायचं. पट्टी पुसायची, घालायची, काढायची, बघायची. घाई केलीस तर खोटं दाखवती ती.”

हेरंबरावांनी घड्याळ पाहिलं. दीड वाजला होता.

त्यांनी तीन तांबे भराभर ओतले. पट्टी घातली. कोरडी.

“आता दमानं,” बुवा म्हणाले.

अर्धा तांब्या. थांबले. दोघं कट्ट्यावर शेजारी शेजारी बसले. हेरंबरावांनी पुन्हा घड्याळ पाहिलं. बुवा कसलंसं भजन गुणगुणत होते.

पट्टी पुसली, घातली, काढली. खालच्या खुणेच्या जरा अलीकडे.

पुन्हा थोडं ओतलं. पुन्हा थांबले. सुंदराबाईंनी पुरणपोळी आणून दिली. हेरंबरावांचे हात काळे, म्हणून बुवांनीच तुकडा मोडून त्यांच्या तोंडात घातला. विहिरीवर कोतवाल पक्षी ओरडत होता. झेंडूच्या माळेवर एक मधमाशी येऊन बसली होती. हेरंबरावांना त्यातलं कशाचंही तत्त्व सुचलं नाही. पोळी गोड होती, एवढंच त्यांच्या मनात आलं.

ते उठले. पट्टी काढली. पुसायला फडकं सापडेना, म्हणून खांद्यावरच्या उपरण्याने पुसली. जरीकाठाने. घातली, काढली, उन्हात तिरपी धरून पाहिली. खालच्या खुणेवर जरासं आलं होतं.

अजून दोन घोट. थांबले.

पुन्हा पुसली. सावकाश, टोकापर्यंत. डोळे त्या दोन खुणांवर. ओठ किंचित उघडे, लहान मूल सुईत दोरा ओवताना उघडतं तसे.

बुवांचं गुणगुणणं थांबलं होतं.

…

“बुवा! आलं!” हेरंबराव ओरडले. “मध्ये आलं! बघा, अगदी मधोमध!”

बुवांनी पाहिलं, मान हलवली. उरलेलं तेल डब्यात ओतून झाकण लावलं.

“लाव बघू चालू.”

हेरंबराव स्टिअरिंगपाशी बसले आणि त्यांनी किल्ली फिरवली. गाडी एकदा खाकरली, मागून थोडा धूर निघाला, आणि मग नाही. इंजिन शांतपणे चालू लागलं. हेरंबराव कान देऊन ऐकत राहिले. इतका आनंद त्यांना कुठल्याच सभेत झाला नव्हता.

मग त्यांची नजर मनगटाकडे गेली.

साडेतीन वाजले होते.

“बुवा…” त्यांनी घड्याळाचा हात पुढे केला. “मुहूर्त गेला. नदीपण राहिली. चार वर्षं… आणि आज तुम्ही देणार होतात.”

बुवा पलीकडचं दार उघडून शेजारी येऊन बसले. कमरेचा पंचा नीट केला, काच खाली घेतली.

“आता अनुग्रह कधी, बुवा?”

“दिला की मगाशी,” बुवा म्हणाले. “तू पट्टी पुसत हुतास तवा.”