ताक, शाल आणि सासूबाई

एका गावात एक भोळा नवरा राहत होता. गाव हॉलंडातलं, नवरा कराडकडचा. नाव सोपान.

आता कराडचा माणूस हॉलंडात काय करत होता, असं तुम्ही विचाराल. काही करत नव्हता. नोकरी त्याच्या बायकोची होती. रेवती तिचं नाव. ती वरच्या मजल्यावर कॉम्प्युटरसमोर बसून काम करायची आणि सोपान सायकलवरून गावभर फिरून घरची कामं करायचा. कामं छान करायचा. फक्त ती जशी सांगितली तशीच करायचा.

त्याची सायकल पण बघण्यासारखी. पुढं लाकडाची भली मोठी पेटी, पेटीखाली दोन चाकं, मागं एक चाक आणि त्यावर सोपान. तिकडं आया अशा पेटीत पोरंबाळं घालून शाळेत नेतात. सोपाननं ती आधीच घेऊन ठेवली होती, कारण रेवतीला सहावा महिना होता.

तर त्या दिवशी सोपानच्या सासूबाई यायच्या होत्या. थेट कराडहून. लग्नात या बाईंनी जावयाला एकदा नीट न्याहाळलं होतं आणि भर मांडवात म्हणाल्या होत्या, "पोरगा गुणाचा आहे. पण अक्कल तेवढी पाठवायची राहिली." आता त्या घर बघायला येत होत्या. जावयाला घर सांभाळता येतंय असं दिसलं, तर बाळंतपण हॉलंडात. नाही दिसलं, तर पोरीला घेऊन त्या परत कराडला जाणार. पहिलं बाळंतपण माहेरीच होतं, त्यामुळं त्यांच्याकडं नियमही होता आणि निमित्तही.

रेवती सहा महिने घरात नसणार म्हटल्यावर सोपानला घास गोड लागेना. त्यानं ठरवलं, आज एकही चूक करायची नाही. बायको सांगेल ते कान देऊन ऐकायचं आणि एक अक्षर विसरायचं नाही.

इथंच सगळा घोटाळा झाला.

सकाळी रेवती जिन्यावरून म्हणाली, "अहो, तिनेकेबाईंचं भांडं तेवढं देऊन या. परवा त्यांनी सफरचंदाचा केक दिलेला ते."

तिनेकेबाई म्हणजे कालव्यापलीकडच्या शेजारीण. सोपाननं भांडं घासलं, पुसलं, पेटीत ठेवलं आणि निघाला. ऊन छान पडलेलं. कालव्यात बदकं. घंटी वाजवत, शीळ घालत तो गेला, भांडं दिलं आणि आला.

"दिलं?"

"दिलं."

"त्यात काय घालून दिलंत?"

"काही नाही. रिकामं होतं."

रेवतीनं कपाळाला हात लावला. "अहो, आपल्यात कधी रिकामं परत देतात का? आई इथं असती तर काय म्हणाली असती! जे परत द्यायचं त्यात आपल्या घरचं काहीतरी घालून द्यायचं. थोडं का होईना, पण घरचं."

"एवढंच ना? आता ध्यानात राहील," सोपान म्हणाला.

आणि खरंच सांगतो, सोपानच्या ध्यानात एकदा गेलेली गोष्ट कधी बाहेर यायची नाही.

अकरा वाजता रेवती म्हणाली, "स्वयंपाकघरात बाटल्यांची ही पिशवी किती दिवस पडलीय! आई यायच्या आत दुकानात परत देऊन या बघू."

तिकडं पाण्याच्या, सरबताच्या प्लॅस्टिकच्या बाटल्या टाकत नाहीत. दुकानात एक यंत्र असतं. त्याच्या तोंडात बाटली घातली की ते गिळतं, आत चेचतं आणि पैशांची चिठ्ठी देतं. सोपानला हे माहीत होतं. नुसत्या रिकाम्या बाटल्या घेऊन तो निघालाही होता. पण दाराशी थबकला. परत द्यायचं, आणि रिकामं?

फ्रिजमध्ये सासूबाईंसाठी पातेलंभर ताक करून ठेवलेलं होतं. घरचं. सोपाननं अठरा बाटल्या ओळीनं मांडल्या, प्रत्येकीत कपभर ताक ओतलं, चिमूट चिमूट जिऱ्याची पूड टाकली, झाकणं लावली आणि सायकल हाणली.

पहिली बाटली यंत्रानं गिळली. दुसरी गिळली. पाचवीला त्याच्या पोटात गुडगुड झालं. सहावीला खालून ताक आलं. यंत्र पिवळा दिवा लावून ओरडायला लागलं आणि ताक सगळ्या दुकानभर पांढरं पसरत गेलं. रांगेतल्या लोकांनी पाय वर घेतले. सहा फूट उंचीची मॅनेजरबाई धावत आली.

"हे काय आहे?" तिनं इंग्रजीत विचारलं.

"ताक," सोपान म्हणाला. "घरचं आहे. सोबत जिरंही आहे."

"पण बाटलीत का?"

"रिकामी कशी देणार?"

 मॅनेजरबाईनं उरलेल्या बारा बाटल्या सोपानच्या हातात परत दिल्या आणि दार दाखवलं. सोपानला वाटलं, ती पण रीत पाळते. रिकाम्या हातानं पाठवत नाही.

घरी आल्यावर रेवतीनं रिकामं पातेलं बघितलं, भरलेल्या बाटल्या बघितल्या आणि मटकन पायरीवर बसली.

"अहो, शेजाऱ्यांचं भांडं वेगळं आणि दुकान वेगळं! दुकानात परत द्यायची वस्तू आधी रिकामी करायची. पार रिकामी. उलटी धरून झटकायची. आत काही म्हणजे काही ठेवायचं नाही!"

"असं होय! मग आधी सांगायचंस. आता ध्यानात राहील."

दुपारी दारात एक खोकं आलं. रेवतीनं आईसाठी शेवाळी रंगाची लोकरी शाल मागवली होती. खोकं उघडून बघते तर शाल काळी.

"अरे देवा! आई ओटी भरायला येतेय आणि मी तिच्या हातात काळी शाल देऊ? तोंडच बघणार नाही ती माझं." तिनं खोकं बंद केलं, वर चिकटपट्टी मारली. "अहो, हे कोपऱ्यावरच्या कुरियरवाल्याकडं परत देऊन या. आणि काही घालू नका बरं का आत!"

"छे! रिकामंच देणार," सोपान म्हणाला.

रेवतीला वाटलं, सुधारला बिचारा.

सोपान पुलापर्यंत गेला. तिथं त्यानं सायकल उभी केली, चिकटपट्टी काढली, खोकं कठड्यावरून उलटं धरलं आणि चांगलं तीनदा झटकलं. शाल घडी मोडून खाली गेली. खालून एक बोट चालली होती. बोटीत एक आजी ऊन खात पडल्या होत्या. शाल बरोबर त्यांच्या पायांवर. आजींनी वर बघितलं, शाल अंगावर ओढून घेतली आणि हात हलवला. सोपाननंही हलवला. मग त्यानं खोक्याला पट्टी लावली आणि कुरियरवाल्याला दिलं.

"फार हलकं आहे हो," कुरियरवाला म्हणाला.

"पार रिकामं आहे," सोपान अभिमानानं म्हणाला. "दोनदा तपासलंय."

घरी येऊन त्यानं ही हकीकत सांगितली तेव्हा रेवतीनं आधी देवाचं नाव घेतलं, मग त्याचं घेतलं.

"नवीकोरी शाल पुलावरून टाकलीत? अहो, एखाद्या वस्तूचं काय करावं ते कळत नसलं ना, तरी ती टाकून नाही देत! इकडची पद्धत बघा जरा." तिनं खिडकीतून बोट दाखवलं. समोरच्या घरासमोर फुटपाथवर एक वेताची खुर्ची होती. तिच्यावर कागद चिकटवलेला. "त्यांना त्या खुर्चीचं काय करावं कळेना. म्हणून दारासमोर नीट ठेवली. वर लिहिलंय, 'फुकट. घेऊन जा.' ज्याला हवी तो नेतो."

"कोण नेतो?"

"कुणीही नेतो. ते विचारायचं नसतं."

"किती दिवस झाले?"

"तीन दिवस झाले असतील. तुम्हाला काय करायचंय?" रेवती पायात बूट सरकवत म्हणाली. "मी बसनं जाऊन दुसरी शाल घेऊन येते. विमानतळावर माझ्या मैत्रिणीनं आईला गाडीत बसवून दिलंय. चार वाजता इथल्या स्टेशनवर उतरेल. तिला जपून घेऊन या. आणि हात जोडते, आता काही घोटाळा नको. नाहीतर पुढच्या आठवड्यात मी कराडात असेन."

सोपाननं दोन्ही कान पकडले. "नाही होणार," तो म्हणाला. "सगळं ध्यानात आहे."

चार वाजता सासूबाई, म्हणजे इंदुमतीबाई, गाडीतून उतरल्या. सोपान त्यांना मामी म्हणायचा. हिरवं इरकल लुगडं, पायात पांढरे बूट, दोन बॅगा आणि एक चिवड्याचा डबा.

सोपाननं वाकून नमस्कार केला. "मामी, प्रवास कसा झाला?"

"बसूनच होते की. विमान तेच चालवत होते." मामींनी सायकल बघितली. "जावईबापू, ही काय म्हणायची? कोंबड्यांचं खुराडं?"

"गाडी आहे, मामी. बसा. खाली उशी टाकलीय."

"मी पुढं आणि तुम्ही मागं? म्हणजे आपटले तर आधी मी!"

पण बसल्या. आणि मग गंमत झाली. कालव्याच्या कडेनं गार वारं, दोन्ही बाजूंना फुलं, समोरून येणारे सायकलवाले घंटी वाजवून वाट देतायत. सोपान वळायच्या आधी शिस्तीत हात बाहेर काढायचा. मामी पेटीत अंबारीत बसावं तशा ताठ बसल्या होत्या.

"काय हो, हे लोक मला बघून हसतात का?"

"नाही मामी, पाहुण्यांना बघून हसायची रीत आहे इथं."

"बरी आहे." थोड्या वेळानं म्हणाल्या, "चालवता मात्र झकास हं, जावईबापू. हिसका नाही बसला एकदाही."

सोपानचे कान तापले. लग्नापासून पहिलंच चांगलं वाक्य! आता फक्त घरात पाऊल पडायचं, चहा प्यायचा आणि संपलं.

घर आलं. सोपाननं दार उघडलं. मामींनी आत डोकावलं आणि तशाच मागं सरल्या.

हॉलंडातले जिने तुम्ही बघितले नसतील. पायरी चार बोटांची, आणि चढ असा की खालच्या माणसाच्या नाकाला वरच्याची टाच लागावी.

"हा जिना आहे?"

"हो. घर वर आहे."

"याला आमच्याकडं शिडी म्हणतात आणि ती भिंतीला टेकवून ठेवतात." मामींनी गुडघ्यांवर हात ठेवले. "मी काही यावर चढायची नाही. माझे गुडघे मला परत न्यायचेत."

"मग हो, मामी?"

"मग काय ते तुम्ही बघा. माझी पोर ज्या माणसाच्या भरवशावर इथं बाळंत होणार, त्याची अक्कल बघायलाच आलेय मी."

सोपान घामाघूम झाला. उचलून न्यावं, तर सासूबाई. परत न्यावं, तर कुठं? रेवतीला फोन लावला, तर तिचा फोन वरच टेबलावर वाजला. मामींचं काय करावं ते त्याला काही केल्या कळेना.

आणि काय करावं ते कळेना म्हटल्याबरोबर काय करायचं ते सोपानला लख्ख कळलं.

त्यानं वरून स्वयंपाकघरातली खुर्ची आणली. दारासमोर फुटपाथवर उन्हात नीट ठेवली. मामींना बसवलं. डाव्या हाताला एक बॅग, उजव्या हाताला दुसरी, मांडीवर चिवड्याचा डबा. समोरच्या खुर्चीवरचा कागद बघून त्यानं दुसऱ्या कागदावर तश्शीच मोठी अक्षरं काढली आणि तो मामींच्या खुर्चीच्या पाठीला चिकटवला.

"हे काय लावलंत?"

"इकडची पद्धत आहे, मामी."

"स्वागताचं असेल," मामी म्हणाल्या आणि त्यांनी पदर सारखा केला. "बरं सुचलं. वारा पण छान आहे इथं."

सोपान चहा टाकायला वर गेला. आधण ठेवून खिडकीतून बघतो, तर मागच्या गल्लीतले हेंक आजोबा आले होते. तेही पेटीच्या सायकलवरून. त्यांना असल्या ठेवलेल्या वस्तू न्यायची भारी हौस. ते थांबले. कागद वाचला. मामींकडं बघितलं. परत कागद वाचला. मग डोक्यावरची टोपी काढून वाकले.

मामींना वाटलं, मुलीनं दुसरी सोय केली. त्यांनी बॅगांकडं बोट दाखवलं. आजोबांनी बॅगा पेटीत ठेवल्या, हात देऊन मामींना बसवलं आणि पेडल मारलं. वळणावर मामींनी डबा उघडून आजोबांच्या हातावर चिवडा ठेवला. सोपाननं खिडकीतून हात हलवला. मामींनीही हलवला.

पाच मिनिटांनी रेवती धापा टाकत आली. काखेत शेवाळी शाल. दारात खुर्ची, खुर्चीवर कुणी नाही. ती जिना चढून वर आली.

"अहो, आई आली ना?"

"आल्या की. जपून आणल्या."

"मग कुठाय?"

"नेल्या."

"कुणी?"

"ते विचारायचं नसतं."

रेवतीनं खिडकीतून खाली बघितलं. खुर्चीच्या पाठीवर कागद वाऱ्यानं फडफडत होता. तिनं तो वाचला. तिच्या काखेतली शाल गळून पडली.

"अगं, समोरची खुर्ची तीन दिवस पडून आहे," सोपान म्हणाला. "आणि आपल्या मामी पाच मिनिटांत गेल्या. बॅगांसकट!"

त्यानं चहाचा कप तिच्या हातात दिला, शाल उचलून तिच्या खांद्यावर घातली आणि अगदी मायेनं म्हणाला, "आता निवांत बस तू. तुला कराडला न्यायला कुणी राहिलंच नाही."